कोरड्या बर्फाचा झोत

कारखान्यातले यंत्र साफ करताना आधी मळ काढावा लागतो आणि मग ज्या वस्तूने मळ काढला तीही काढावी लागते. पाण्याने धुतले तर यंत्र सुकवावे लागते. सॉल्व्हंट वापरले तर घाण मिसळलेल्या द्रवाची विल्हेवाट लावावी लागते. वाळूचा मारा केला तर फटीफटीत अडकलेली वाळू वेचत बसावे लागते. कोरड्या बर्फाच्या झोताने केलेल्या सफाईत हे दुसरे काम उरत नाही. गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे तांदळाएवढे दाणे दाबाच्या हवेबरोबर पृष्ठभागावर वेगाने फेकले जातात. ते आदळतात, मळ सोडवतात आणि वायू होऊन हवेत मिसळतात. खाली पडतो तो फक्त मळ. कारखान्यांत या पद्धतीला ‘ड्राय आइस ब्लास्टिंग’ म्हणतात. तिचा फायदा या नाहीसे होण्यातच आहे आणि धोकाही तिथूनच सुरू होतो, कारण दिसेनासा झालेला वायू खोलीतच असतो.

कोरडा बर्फ लोकांना अगदीच अनोळखी नाही. लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरी स्टेजवर येताना त्यांच्या पायांशी जो पांढरा धूर लोळतो, तो बहुधा गरम पाण्यात टाकलेल्या कोरड्या बर्फाचा असतो. डोळ्यांना दिसतात ते मात्र बाष्प गार होऊन बनलेले पाण्याचे थेंब. कार्बन डायऑक्साइड स्वतः रंगहीन असतो. नेहमीच्या हवेच्या दाबाखाली उणे ७८.५ अंश सेल्सिअसला या घनाचा थेट वायू होतो. शाळेच्या पुस्तकात कापराच्या उदाहरणाने शिकवलेले संप्लवन ते हेच. कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात ठेवायचा तर दाब वातावरणाच्या पाचपटींहून जास्त लागतो. म्हणून उघड्यावर ठेवलेला कोरडा बर्फ वितळत नाही, ओल सोडत नाही, नुसता कमी कमी होत जातो.

पृष्ठभागावर दाणा आदळला की तीन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे आघात. दाण्याचा वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या पुढे जाऊ शकतो, पण त्याचा कठीणपणा जिप्समइतकाच, म्हणजे मोहस मापाने साधारण २ असतो. त्यामुळे पोलादावर ओरखडा उठत नाही. दुसरी म्हणजे थंडी. ग्रीस, डिंकासारखे चिकट रेझिन, रबराचा जळका थर हे सारे एकाएकी गारठले की ठिसूळ होतात. खालच्या धातूपेक्षा ते जास्त आकसतात आणि त्यांना बारीक भेगा पडतात. तिसरी म्हणजे प्रसरण. घनाचा वायू होताना त्याचे आकारमान सुमारे आठशे पटींनी वाढते आणि भेगेत शिरलेला दाणा तिथेच फुगून मळाची पापडी उचलतो. विक्रीच्या पत्रकांत या तिसऱ्या क्रियेचे वर्णन छोट्या स्फोटासारखे केलेले असते. प्रत्यक्षात कोणत्या क्रियेचा वाटा किती हे मळ कसला आहे यावर ठरते, आणि चिवट थरांच्या बाबतीत थंडीने केलेले काम फार महत्त्वाचे असते. धातूचा जाड ठोकळा मात्र आतून फारसा गार होत नाही. थंडी वरच्या पातळ थरातच खर्च होते.

हा पदार्थ माणसाच्या हाती आला तो १८३५ साली. फ्रान्समध्ये अद्रियाँ तिलोरिए यांनी द्रवरूप कार्बन डायऑक्साइडच्या भांड्याचे तोंड उघडले तेव्हा त्यातला बराचसा भाग भुर्रकन उडून गेला आणि मागे पांढरा हिमासारखा घन राहिला. बाजारात यायला त्याला आणखी नव्वद वर्षे लागली. अमेरिकेत टॉमस स्लेट यांनी १९२४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि त्यानंतर अन्नपदार्थ थंड ठेवण्यासाठी त्याची विक्री सुरू झाली. सफाईसाठी वापरून पाहण्याचे पहिले प्रयत्न अमेरिकी नौदलाने १९४५ च्या सुमारास केले, ते ग्रीस काढण्यासाठी. पण आजच्या पद्धतीचा पाया घातला तो विमान बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीतल्या कॅल्विन फाँग यांनी. त्यांचे पेटंट १९७७ मध्ये मंजूर झाले. वाळूऐवजी आपोआप उडून जाणाऱ्या पदार्थाचे दाणे मारावेत अशी त्यातली कल्पना होती. १९८८ मध्ये डेव्हिड मूर यांना दाणे हवेच्या झोतात सारख्या गतीने सोडणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. ओहायोतल्या कोल्ड जेट कंपनीने ते यंत्र विकायला सुरुवात केली आणि पद्धत प्रयोगशाळेतून कारखान्यात आली.

विमान बनवणाऱ्यांना याची गरज का भासली, हे बिरसीच्या विमानतळावर उभ्या असलेल्या विमानांकडे पाहिले की कळते. गोंदिया शहराजवळची ही धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. २००५ च्या अखेरीस ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली आणि पुढे प्राधिकरण व कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून तिथे वैमानिक घडवणारी संस्था उभी केली. त्या संस्थेतल्या डायमंड डीए-४० आणि डीए-४२ या छोट्या विमानांचे अंग ॲल्युमिनिअमचे नसून तंतू आणि रेझिन यांच्या थरांचे असते. अशा अंगावरचा जुना रंग काढायला रासायनिक पेंट रिमूव्हर चालत नाही, कारण रंगाबरोबर तो रेझिनही मऊ करतो. वाळू तर तंतूच उघडे पाडील. म्हणून असा रंग सहसा माणसे पॉलिश पेपरने हळूहळू घासून काढतात. मोठ्या विमानांच्या बाबतीत हेच काम आठवडेच्या आठवडे चालते.

गंमत अशी की नुसत्या कोरड्या बर्फाने विमानाचा रंग काढणे सोपे ठरले नाही. चांगला लागलेला रंग चिवट असतो आणि मऊ दाण्यांना दाद देत नाही. यावर मॅकडोनेल डग्लस कंपनीने १९९० च्या दशकात एक जोडीचा उपाय काढला. झेनॉनच्या दिव्याचा क्षणभराचा अतिप्रखर प्रकाश रंगाचा वरचा थर जाळतो आणि लगोलग कोरड्या बर्फाचा झोत ती राख झाडून पृष्ठभाग गार ठेवतो. हेलिकॉप्टर आणि लष्करी विमानांवर हे तंत्र वापरले गेले. विमानांच्या देखभालीत आज कोरडा बर्फ जास्त करून चाकांचे कप्पे, ब्रेकची काजळी, इंजिनाभोवतीचा तेलकट थर आणि सुटे भाग बनवण्याचे साचे यांसाठी उपयोगी पडतो. प्रशिक्षणाच्या छोट्या विमानासाठी एवढा खटाटोप सहसा परवडत नाही. तिथे सॉल्व्हंटचा फवारा आणि फडके पुरेसे होते.

सफाईचे दाणे तयार करण्यासाठी सुरुवात द्रवरूप कार्बन डायऑक्साइडने होते. तो साधारण वीस बार दाब आणि उणे वीस अंश तापमानाला टाक्यांत साठवलेला असतो. त्याला एकदम हवेच्या दाबाला आणले की निम्म्याहून कमी भागाचे हिम होते आणि बाकीचा वायू होऊन निसटतो. हे हिम हायड्रॉलिक दाबाने जाळीच्या भोकांतून पिळून काढले की ३ मिलिमीटर जाडीच्या टणक कांड्या निघतात. निसटलेला वायू पकडण्याची सोय नसेल तर एक किलो दाण्यांसाठी दोन ते अडीच किलो द्रव लागतो. मूळ वायू यासाठी मुद्दाम तयार केला जात नाही. खतासाठी अमोनिया बनवणाऱ्या कारखान्यांत तो बाजूला निघतोच, आणि मद्यार्काच्या आंबवणीत तर जवळजवळ जेवढ्या वजनाचे इथेनॉल तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड सुटतो. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरींनी भरलेल्या महाराष्ट्रात हा वायू गोळा करायला वाव मोठा आहे. या सफाईने हवेत नव्या कार्बनची भर पडत नाही असे म्हणतात, ते याच आधारावर. पण दाबाची हवा तयार करायला लागणारी वीज किंवा डिझेल त्या हिशेबात धरलेले नसते, ते धरायला हवे.

दाणे टिकत नाहीत ही खरी अडचण. जाड थर्माकोलच्या किंवा इन्सुलेटेड पेटीतही ते रोज काही टक्के घटतात, आणि घटता घटता एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. हवेतली ओल त्यांच्यावर पाण्याचा बर्फ होऊन बसते, आणि मग ते झोतात नीट सुटत नाहीत. म्हणून दाणे शक्यतो तयार झाल्यापासून एक-दोन दिवसांत वापरतात. चाकण, वाळूज किंवा तळोजा अशा औद्योगिक पट्ट्यांत ते सकाळी मागवून दुपारी वापरता येतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या गोंदियात ते दूरच्या शहरातून ट्रकने आणायचे म्हणजे वाटेतली घट धरून मागणी नोंदवावी लागते. पेटी हवाबंद करून चालत नाही, नाहीतर वायूच्या दाबाने ती फुटते. विमानानेही हा माल धोकादायक वस्तू म्हणूनच जातो. प्रवाशाला विमान कंपनीच्या परवानगीने जास्तीत जास्त अडीच किलो नेता येतो आणि तोही वायू बाहेर पडेल अशा वेष्टनात.

यंत्र मात्र साधे आहे. वर दाण्यांचा हॉपर, खाली दाणे मोजून सोडणारी फिरती चकती, तिथून एक जाड होज आणि टोकाला नोझल. हवा ५ ते ८ बार दाबाची लागते आणि ती भरपूर लागते, मिनिटाला काही घनमीटर. गॅरेजमधला छोटा कॉम्प्रेसर इथे कामाचा नाही. हवा कोरडीही हवी, कारण तिच्यात बाष्प असेल तर ते होजमध्ये गोठून नळी तुंबते. तासाला साधारण २५ ते ७५ किलो दाणे खर्च होतात. नाजूक कामासाठी कोरड्या बर्फाची लादी किसून साखरेसारखा चुरा करणारी यंत्रेही मिळतात. तो चुरा विजेच्या पॅनेलमधल्या तारांवर किंवा प्लास्टिकच्या साच्यातल्या बारीक नक्षीवर चालवता येतो.

ही पद्धत सर्वांत घट्ट रुजली ती टायरच्या धंद्यात. टायरचा साचा दीडशे अंशांच्या वर तापलेला असतो. रबरातली रसायने त्यावर थरावर थर चढवतात आणि हवा बाहेर जाण्याची सुईएवढी भोके बुजतात. पूर्वी साचा प्रेसमधून उतरवून, गार करून, काचेच्या मण्यांच्या माऱ्याने साफ करीत आणि परत चढवीत. त्यात तासन्तास जात, शिवाय मण्यांनी साच्याची धारही हळूहळू झिजे. कोरड्या बर्फाने साचा प्रेसमध्येच, गरम असताना साफ होतो. उलट तो जितका गरम तितका फरक मोठा आणि थर लवकर सुटतो. नागपूरजवळ बुटीबोरीला आणि गोव्यात उसगावला टायरचे मोठे कारखाने आहेत, आणि या पद्धतीचा हिशेब जुळतो तो अशाच जागी. दाणे महाग पडले तरी बंद राहिलेला प्रेस त्याहून महाग पडतो. ॲल्युमिनिअम ओतण्याचे साचे, बिस्किटांच्या भट्ट्या, छपाईयंत्रावरची शाई, वेल्डिंग रोबोटच्या पकडींवरचे धातूचे शिंतोडे इथेही हाच हिशेब लागू होतो.

गोंदिया जिल्ह्यात असा हिशेब जुळेल अशी जागा शोधायची तर ती तिरोड्याचे औष्णिक वीज केंद्र. तिथे ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत, एकूण क्षमता ३,३०० मेगावॉट. एक संच पूर्ण भारावर तासभर चालला तर ६ लाख ६० हजार युनिट वीज होते. बंद पडलेल्या प्रत्येक तासाची किंमत यावरून लक्षात येते. इतके मोठे जनित्र बंदिस्त असते आणि हायड्रोजनने थंड ठेवलेले असते, त्यामुळे आत धूळ फारशी जात नाही. मात्र सीलमधून झिरपलेल्या तेलाचा ओशट पापुद्रा वाइंडिंगवर बसू शकतो. (असे जनित्र उघडण्याआधी आतला हायड्रोजन बाहेर काढायला कार्बन डायऑक्साइडच वापरतात.) जास्त मळतात त्या कोळशाच्या मिलच्या आणि मोठ्या पंख्यांच्या मोटारी. कोळशाची पूड आणि बेअरिंगचे तेल मिळून वाइंडिंगवर काळा लगदा होतो, उष्णता अडते, इन्सुलेशन खराब होते. पाण्याने धुतले तर मोटार ओव्हनमध्ये सुकवावी लागते आणि सॉल्व्हंटची वाफ पेट घेऊ शकते. कोरड्या बर्फाचा वायू वीज वाहू देत नाही आणि मागे ओलही सोडत नाही, त्यामुळे अशा कामाला ही पद्धत जगभर पसंत केली जाते. गॅसवर चालणाऱ्या केंद्रांत बॉयलरच्या पंखेदार नळ्यांमधला गंज आणि काजळी झटकण्यासाठीही ती वापरतात.

पण बॉयलरच्या भट्टीत वितळून दगड झालेल्या राखेला हा झोत हलवू शकत नाही. तिथे पाण्याचा जबर दाब किंवा हातोडाच लागतो. खोल गेलेला गंज, जाड इपॉक्सी रंग, सिमेंटचे डाग हेही त्याच्या आवाक्याबाहेरचे. नवा रंग धरण्यासाठी पोलादाला जो खरखरीतपणा द्यावा लागतो तो मऊ दाण्यांनी येत नाही, म्हणून पुलाच्या किंवा जहाजाच्या रंगकामात वाळूच्या किंवा पोलादी दाण्यांच्या माऱ्याची जागा ही पद्धत घेणार नाही. सगळ्या सफाईवर एकच रामबाण म्हणून ती विकली जाते तेव्हा गिऱ्हाइकाने आधी आपल्या मळाचा एक तुकडा दाखवून चाचणी मागावी हे बरे.

विदर्भातल्या पावसाळ्याचीही आठवण ठेवावी लागते. कोरडा बर्फ ओल सोडत नाही हे खरे, पण त्याने गार केलेल्या पृष्ठभागावर हवेतले बाष्प दवासारखे जमते. जुलैत हवा इतकी दमट असते की पंचवीस अंशांखाली गेलेल्या कोणत्याही धातूवर थेंब धरतात. म्हणून मोटार साफ झाल्यावर लगेच वीज जोडत नाहीत. ती गरम हवेने मूळ तापमानाला आणतात, मेगरने इन्सुलेशनचा रोध मोजतात आणि मगच चालू करतात. पडलेला मळही विसरून चालत नाही. जुन्या रंगात शिसे असेल किंवा धुळीत ॲस्बेस्टॉस असेल तर तो झोताने खोलीभर उडतो, त्यामुळे अशा जागी ही पद्धत आधी तपासणी केल्याशिवाय वापरत नाहीत.

धोक्यांत सर्वांत ठळक आवाजाचा आहे. नोझलजवळ तो शंभर डेसिबलच्या वर सहज जातो, तेव्हा कानांना संरक्षण हवेच. दाण्यांना उघड्या हाताने धरले तर कातडी भाजल्यासारखी जळते. गिळले तर काय होते ते २०२४ च्या मार्चमध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात दिसले. मुखवास म्हणून दिलेला कोरडा बर्फ तोंडात टाकलेल्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या. हे धोके निदान जाणवतात. जो जाणवत नाही तो वायूचा.

एक किलो दाण्यांपासून सुमारे ५४० लिटर वायू होतो. तासाला ५० किलो दाणे वापरले तर २७ घनमीटर. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि पाच मीटर उंच खोलीत वायुवीजन नसताना तासभर काम केले, तर झोताबरोबर आलेली हवा धरूनही कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण चार टक्क्यांवर जाते. बाहेरच्या हवेत ते ०.०४ टक्के असते. आठ तासांच्या पाळीसाठी मान्य मर्यादा ५,००० पीपीएम, म्हणजे अर्धा टक्का. चार टक्के हे जीविताला तत्काळ धोका मानले गेलेले प्रमाण आहे. आधी डोके दुखते, श्वास जोरात चालतो, मग गुंगी येते, आणि माणूस बाहेर पडायचे सुचण्याआधीच कोसळू शकतो. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने आधी खड्डे, तळघरे आणि केबलचे चर भरतो.

जमिनीखालच्या वायूची भीती महाराष्ट्राला जुनी आहे. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवण्याची पेवे असत. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे, आतली कोंडलेली हवा आधी निघून जाऊ देत. जुन्या विहिरीत उतरताना आधी दिवा सोडून पाहण्याची रीतही त्यासाठीच होती. पण कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत दिव्यावर विसंबता येत नाही. माणसाला घातक ठरेल इतक्या प्रमाणातही दिवा तेवत राहू शकतो. ऑक्सिजन मोजणारे यंत्रही इथे फसवते. हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी ऑक्सिजन २०.९ वरून जेमतेम १९.९ टक्क्यांवर येतो, आणि बहुतेक यंत्रांची घंटा १९.५ ला वाजते. म्हणून कार्बन डायऑक्साइडचाच मीटर लागतो आणि तो छातीवर लावण्याबरोबर एक जमिनीलगतही ठेवावा लागतो.

गोंदियाच्या भातगिरण्यांत ही पद्धत आणायची म्हटले तर हीच गोष्ट आधी पाहावी लागेल. कोंड्यातल्या तेलाने पॉलिशरच्या आत आणि नळ्यांत बसणारा चिकट थर कोरड्या बर्फाने चांगला निघू शकेल. अन्नाचा कारखाना असल्याने पाणी आणि सॉल्व्हंट टाळता येणे हाही मोठा फायदा, कारण ओल राहिली की बुरशी आणि किडे येतात. मात्र एलिव्हेटरचा पाया जमिनीखालच्या खड्ड्यात असतो आणि तिथेच वायू साचतो. त्या खड्ड्यात माणूस असताना वर झोत चालवणे टाळावे, खड्ड्याच्या तळातून हवा ओढणारा पंखा लावावा, आणि बाहेर एक माणूस नजर ठेवून उभा असावा. दुसरी काळजी ठिणगीची. कोरडा बर्फ घासत जाताना स्थिर विद्युत तयार होते आणि गिरणीच्या हवेत कोंड्याची व तुसाची बारीक धूळ तरंगत असते. नोझल, होज आणि साफ होणारे यंत्र या तिन्हींना अर्थिंग द्यावे लागते, आणि साचलेली सैल धूळ झोत सुरू करण्याआधी व्हॅक्यूमने ओढून घ्यावी लागते. ओली न झालेली सैल धूळ काढायला झाडू आणि व्हॅक्यूमच पुरतात. बर्फ राखून ठेवावा तो त्यांना न जुमानणाऱ्या चिकट थरासाठी.